कास्टिंगवाल्यांनो, त्या चष्मिसला एकदा दुसरा सीन वाचायला द्या

प्रति,
मराठी-हिंदीत काम करणारे सगळे कास्टिंग डिरेक्टर, त्यांचे असिस्टंट, लेखक, निर्माते आणि शेवटचं हो-नाही ज्यांच्या हातात असतं ते सगळे,

नमस्कार.

मी गेली काही वर्षं ऑडिशनला क्यू देते. कॅमेऱ्याच्या शेजारी उभी राहून समोरच्या पात्राची वाक्यं वाचणारी जी बाई असते ना, जिचा टेपमध्ये फक्त आवाज येतो, ती मी. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माझा आवाज ऐकलाय, मला बघितलेलं नसेल. आई, बायको, बॉस, सासू, इन्स्पेक्टर, बँकेची मॅनेजर, सगळं मी दिवसभर वाचत असते, एकच सीन तीस-तीस वेळा, आणि त्यामुळे एक गोष्ट होते की नट मला हाताच्या अंतरावरून दिसतो. तुम्हाला तो मॉनिटरवर दिसतो, मला त्याच्या गळ्याची शीर दिसते, आवंढा दिसतो, वाक्य सुरू करायच्या आधी तो श्वास कुठे घेतो ते दिसतं. म्हणून हे पत्र मी लिहितेय, कारण मागच्या महिन्यात मी जे बघितलं ते तुमच्यापर्यंत पोचलंच नाही, आणि ते पोचायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

वर्सोव्याच्या आरामनगरमधलाच एक ऑडिशनचा बंगला, नेहमीसारखी पायऱ्यांवर बसलेली मुलं, आत एसी आणि एक बॅकड्रॉप. रोलचा ब्रीफ, म्हणजे पात्र कसं हवं ते, असा होता: आयटी कंपनीतला मुलगा, हुशार पण बावळट, हिरोईनवर एकतर्फी प्रेम, बोलताना अडखळतो, चष्मा, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, विनोदी. आणि त्याच्यासाठी बोलावलेला नट असा की ज्याचं नाव मी घेणार नाही पण तुम्ही सगळे त्याला ओळखता, गेली आठ-नऊ वर्षं तो हेच करतोय. रस्त्यात कॉलेजची पोरं त्याला त्याच्या पात्राच्या नावानेच हाक मारतात. त्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये काचा नसलेल्या चष्म्याच्या तीन फ्रेम ठेवलेल्या असतात, असले रोल असले की त्या बाहेर काढतात. त्याला कुणी सांगायच्या आधीच त्याने ड्रॉवर उघडला, तिन्हीतली एक उचलली, शर्टाचं बटण लावलं आणि येऊन खुणेवर उभा राहिला. मला ते बघून कसंतरीच झालं. पस्तिशीचा माणूस आहे तो, त्याला मुलगी आहे.

तीन टेक झाले. दुसऱ्यानंतर त्याला सांगितलं, थोडं अजून अडखळ. तो अडखळला. सगळे हसले, मी पण हसले, कारण तो खरंच कमालीचा चांगला आहे त्यात.

मग जेवायची सुट्टी झाली, आणि टेबलावर दुसऱ्या एका सिरीजचे सीन पडले होते, त्यातला एक वसुली एजंटचा. एजंट एका बाईच्या घरी येऊन बसतो, नवरा घरी नाही, हप्ते थकलेत, तो पाणी मागतो, पाणी पितो, आणि मग सहज विचारतो की ताई, मुलाची शाळा किती वाजता सुटते. एवढाच सीन आहे, दीड पान. त्याने असिस्टंटला विचारलं, हा वाचून बघू का. ती मुलगी चांगली होती, म्हणाली बघा ना, कॅमेरा लावलेलाच आहे.

मी त्या दोन दिवसांत तो सीन अकरा जणांबरोबर वाचला होता. अकराही जणांनी ते शाळेचं वाक्य धमकी म्हणून टाकलं होतं, कुणी डोळे बारीक करून, कुणी आवाज खाली आणून, एकाने तर पाण्याचा ग्लास आपटला. याने काय केलं सांगते. चष्मा काढलेला होता, पण त्याचा हात सवयीने नाकाकडे गेला, अर्ध्यात थांबला, खाली आला, आणि टेबलावर माझे जे कागद विस्कटलेले होते ते त्याने नीट एकावर एक लावले, कडा जुळवल्या. आणि मग त्याच मऊ, जरा ओशाळलेल्या आवाजात, ज्या आवाजात तो गेली आठ वर्षं हिरोईनला कॉफी विचारतोय, त्याच आवाजात म्हणाला, ताई, शाळा किती वाजता सुटते? म्हणजे जणू त्याला त्या मुलाची काळजीच वाटतेय. आणि वाक्य झाल्यावर हसला, उशिरा, अर्धा सेकंद उशिरा. हेच उशिरा हसणं सकाळी आम्हाला हसवत होतं.

माझं पुढचं वाक्य मी विसरले. टेपमध्ये ते आहे, दोन-तीन सेकंद काहीच आवाज नाही, कारण क्यू देणारी बाई गप्प झालीये. इतक्या वर्षांत माझं असं झालेलं नाही.

नंतर जेवून आलेल्यांनी ती टेप बघितली. कमाल केलीस रे, असं त्याला सांगितलं, आणि मनापासून सांगितलं. आणि मग त्याच्यासमोरच एकमेकांना म्हणाले, पण हा पडद्यावर आला की लोक हसायला लागतील ना यार. तो "हो सर, बरोबर आहे" म्हणाला, पाठीवर बॅग टाकली आणि गेला. टेप पुढे गेली नाही. ज्यांनी हा निर्णय घेतला ते वाईट लोक नाहीत, मी त्यांच्याबरोबर काम करते, त्यांच्यावर पण वरून प्रेशर असतं हे मला कळतं. पण निर्णय चुकला, आणि तो रोज चुकतोय, नुसत्या त्या एका बंगल्यात नाही.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे की तो बावळटपणा हा त्याचा स्वभाव नाही, ते त्याचं काम आहे. आपण सगळे हे विसरतो कारण तो ते इतकं सहज करतो. हिरो मारामारी करतो तेव्हा आपल्याला माहीत असतं की त्याने ट्रेनिंग घेतलंय. रडणारी नटी रडते तेव्हा आपण म्हणतो काय अभिनय आहे. आणि हा अडखळतो तेव्हा आपण म्हणतो, अरे हा असाच आहे. नाही हो. तो सेटवर येतो तेव्हा लाईटवाल्यांपासून सगळ्यांशी मोकळेपणाने बोलणारा, मुद्दा पटला नाही तर भांडणारा माणूस आहे. अडखळण्याला मोजमाप लागतं. कुठल्या अक्षरावर अडकायचं, किती वेळ, नजर कधी खाली, हात खिशात की बाहेर, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत सुरू करून मग माघार घ्यायची की ते संपल्यावर जास्त थांबायचं. एक पॉज पाव सेकंद लांबला तर हसू येत नाही, दया येते, अजून लांबला तर भीती वाटते. हे ज्याला कळतं त्याच्या हातात दया आणि भीती पण आहे. आपण त्याच्याकडून फक्त हसू घेतोय.

आणि हे मी हवेत बोलत नाहीये, आपल्याकडे याचं सगळ्यात मोठं उदाहरण घरातलंच आहे. अमोल पालेकर. जे.जे.मध्ये चित्रकला शिकलेला, बँक ऑफ इंडियात नोकरी करणारा, सत्यदेव दुबेंबरोबर प्रायोगिक नाटक करणारा माणूस, आणि सिनेमात त्याची छाप काय पडली तर साधा, भिडस्त, मध्यमवर्गीय, भांबावलेला. १९७४ चा रजनीगंधा, मग १९७६ मध्ये छोटी सी बात आणि चितचोर. छोटी सी बातमधला अरुण बसस्टॉपवर प्रभाच्या मागे उभा असतो आणि त्याला तिच्याशी एक वाक्य बोलता येत नाही. त्या रांगेत पालेकर काय करतात ते परत बघा, आवाज बंद करून बघा. मान, खांदे, एका पायावरून दुसऱ्या पायावर जाणारं वजन. मग तोच अरुण खंडाळ्याला कर्नलकडे शिकून परत येतो, चेहरा तोच, कपाळावर केस पण साधारण तसेच, पण खांदे बदललेत, बसायची पद्धत बदललीये. ज्याला एकाच सिनेमात हे असं चालू-बंद करता येतं त्याचा भिडस्तपणा जन्मजात कसा असेल?

आणि पुढे बघा. १९७७ मध्ये श्याम बेनेगलांनी याच माणसाला भूमिकामध्ये केशव दळवी दिला. अभिनेत्री हंसा वाडकरांच्या आत्मचरित्रावरचा सिनेमा, स्मिता पाटील उषा. केशव दळवी म्हणजे बायकोच्या कमाईवर जगणारा, तिला कामाला जुंपणारा आणि वर तिच्यावर संशय घेणारा नवरा. तो अंगावर का येतो, तर पालेकर तिथे खलनायकाचा वेगळा आवाज काढत नाहीत म्हणून. तोच सज्जन चेहरा, तेच हळू बोलणं, आणि त्या सज्जन दिसण्याच्या आडून तो माणूस एकेक पैसा, एकेक हक्क ओढून घेतो. त्याच वर्षी घरौंदा आला. तिथे सुदीप आपल्याच प्रेयसीला सुचवतो की आजारी, श्रीमंत बॉसशी लग्न कर, तो काही फार दिवस जगणार नाही, मग घर आपलंच. ही गोष्ट एखाद्या रांगड्या नटाने सांगितली असती तर आपण त्याला पहिल्या मिनिटाला गुन्हेगार ठरवलं असतं. हा सांगतो तेव्हा आपण क्षणभर विचारात पडतो, की बिचाऱ्याला घर तर हवंय. बिचारा वाटतो म्हणून तर ते लागतं.

आता तुमचा जो नेहमीचा मुद्दा असतो, की एकदा असा रोल केला की लोक त्याला कॉमेडीत स्वीकारणार नाहीत, आणि कॉमेडीत स्वीकारलाय म्हणून या रोलमध्ये स्वीकारणार नाहीत, त्यावर मला हे सांगायचंय की गोलमाल १९७९ चा आहे. म्हणजे केशव दळवी करून झाल्यावर दोन वर्षांनी. त्याच माणसाने रामप्रसाद आणि लक्ष्मणप्रसाद केला, उत्पल दत्तांसमोर मिशीची सगळी धांदल केली, फिल्मफेअर मिळवलं, आणि लोक पोट धरून हसले. कुणी थिएटरात म्हणालं नाही की अरे हा तर तो बायकोला छळणारा. प्रेक्षकाला दोन गोष्टी एका वेळी लक्षात ठेवता येतात, त्याला आपण फार कमी समजतो. आणि मग १९८१ मध्ये आक्रीत. मानवतच्या खून प्रकरणावरचा, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला सिनेमा, आणि त्यात पालेकर माणसाच्या इतक्या काळ्या बाजूला गेले की छोटी सी बातमधला अरुण आठवायला पण नको वाटतो. पण त्यातली एक गोष्ट मला सारखी टोचते, ती म्हणजे आक्रीतचं दिग्दर्शन त्यांचं स्वतःचं होतं. इतका मोठा नट, पण सगळ्यात लांबची उडी स्वतःच्याच सिनेमात मारली.

अशीच उडी ओमी वैद्यची. २००९ च्या थ्री इडियट्समधला चतुर रामलिंगम. त्या भाषणाच्या सीनमध्ये चतुरला आपण काय बोलतोय हे कळत नाही आणि तरी तो छाती पुढे काढून, पूर्ण आत्मविश्वासाने बोलत राहतो, समोरचे का हसतायत हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. न कळण्याचा अभिनय हा फार अवघड असतो, मी रोज बघते, नट स्वतःला जोक कळलाय हे कुठेतरी दाखवतोच. ओमीने कुठेच दाखवलं नाही. आणि त्याचं बक्षीस काय, तर पुढे कुठेही गेला तरी लोकांना हवा तो चतुरच. शेवटी २०२४ मध्ये त्याने आईच्या गावात मराठीत बोल हा मराठी सिनेमा स्वतः दिग्दर्शित करून त्यात हिरो म्हणून काम केलं. मला त्याचं कौतुक आहेच. पण प्रत्येकाला स्वतःचा सिनेमा काढता येत नाही हो. माझ्या त्या नटाला येणार नाही, त्याचा फ्लॅटचा हप्ता चालू आहे.

आणि लक्ष्या. लक्ष्मीकांत बेर्डेचं नाव तुम्ही लोक नेहमी उलट्या बाजूने घेता, मी ते खोलीत ऐकलंय, की लक्ष्याने गंभीर केलं, काय झालं बघा. एक होता विदूषक, १९९२, डॉ. जब्बार पटेलांचा, पटकथा-संवाद पु.लं.चे, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. आणि गर्दी त्याच्या बाकीच्या सिनेमांसारखी झाली नाही, हे खरंय. पण त्याच्या आधी कित्येक वर्षं लोकांना लक्ष्याची फक्त एकच गोष्ट दाखवली गेली होती, आणि मग अचानक एका शुक्रवारी सांगितलं की आता हे बघा. एकदा गर्दी झाली नाही म्हणून आपण तो दरवाजाच लावून टाकला. त्या ताकदीची दुसरी भूमिका त्याच्या वाट्याला आलेली मला आठवत नाही, आणि २००४ मध्ये तो गेला, पन्नाशीत. मावशी, नाचा, सोंग याच्या पलीकडे त्या माणसाच्या डोळ्यात जे होतं ते एकाच सिनेमात बघायला मिळालं. याचा दोष प्रेक्षकावर ढकलू नका ना.

बाहेर पण हेच चालतं, म्हणून थोडं तिकडचं सांगते. मायकेल सेरा, कॅनडाचा मुलगा, २००७ मध्ये सुपरबॅड आणि जुनो दोन्ही आले आणि तो जगभरचा लाजाळू पोरगा झाला. मग २००९ च्या युथ इन रिव्होल्टमध्ये त्याला डबल रोल दिला, एक नेहमीचा बुजरा निक आणि दुसरा त्याच्याच डोक्यातून निघालेला फ्रांस्वा, बारीक मिशी, हातात सिगरेट, बेफिकीर. मजेशीर आहे तो. पण मला त्यात एक अडचण दिसते, आणि ती आपल्याकडे पण आहे, की बुजऱ्या माणसाला दुसरं काही करायला द्यायचं म्हटलं की आपण त्याचा जुळा काढतो. मिशी लावतो, लेन्स घालतो, जेरी लुईसच्या नटी प्रोफेसरमध्ये (१९६३) तर औषध पाजून वेगळा माणूस काढला. म्हणजे एकाच माणसात दोन्ही असू शकतं हे आपल्याला मान्यच नाही. सेराला पुढे २०१८ मध्ये ब्रॉडवेवर लॉबी हिरो नावाचं नाटक मिळालं. त्यात तो एका इमारतीच्या लॉबीतला रात्रपाळीचा वॉचमन, बडबड्या, अवघडलेला, म्हणजे बाहेरून बघितलं तर त्याचं तेच नेहमीचं. पण तो जे बोलू नये ते बोलून बसतो आणि त्याने दुसऱ्याचं आयुष्य हलतं. त्या कामाला टोनीचं, म्हणजे तिकडच्या नाटकांच्या मोठ्या पुरस्काराचं, नॉमिनेशन मिळालं. मिशी नाही, काही नाही, फक्त त्याच्या अडखळण्याला पहिल्यांदा किंमत मोजावी लागणारी गोष्ट मिळाली.

जेसी आयझेनबर्गचं पण तसंच. चाचरत, भरभर, स्वतःशीच बोलल्यासारखं बोलणं हे झोंबीलँडमध्ये (२००९) हसवतं आणि एका वर्षाने द सोशल नेटवर्कमध्ये तेच बोलणं सुरीसारखं चालतं. समोरची मुलगी टेबलावरून उठून जाते आणि आपल्याला तिचं पटतं. ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं त्याला. दिग्दर्शकाने त्याला बदललं नाही, त्याच्यासमोर बसलेल्या माणसाला ते बोलणं कसं लागतं हे दाखवलं. लेखकांनो, हे तुमच्यासाठी आहे.

आणि कास्टिंगवाल्यांसाठी ब्रायन क्रॅन्स्टनची गोष्ट, जी तुम्हाला माहीत असेल पण परत सांगते. ब्रेकिंग बॅड या अमेरिकन मालिकेच्या वेळी चॅनलचे लोक त्याला घ्यायला तयार नव्हते, कारण त्यांच्या डोक्यात तो माल्कम इन द मिडलमधला वेंधळा बाप होता, चड्डीवर घरभर फिरणारा. मालिका ज्याच्या डोक्यातून निघाली त्या विन्स गिलिगनने काय केलं, भाषण केलं नाही, त्यांना एक जुनी टेप दाखवली. १९९८ चा एक्स-फाइल्सचा एक एपिसोड, गिलिगननेच लिहिलेला, त्यात क्रॅन्स्टनने असा माणूस केला होता की ज्याचा राग पण येतो आणि जो मरू नये असं पण वाटतं. लोकांनी टेप बघितली आणि हो म्हणाले. पुढे चार एमी, म्हणजे टीव्हीचे मोठे पुरस्कार, मिळाले त्याला त्याच रोलसाठी. म्हणजे सगळं अडलं होतं ते एका टेपवर, आणि कुणीतरी ती लक्षात ठेवली होती यावर.

आपल्याकडच्या प्रत्येक चष्मिसची अशी टेप कुठेतरी आहे हो. कुणाची एकांकिकेत आहे, कॉलेजात त्याने जो बाप केला असेल, जो खुनी केला असेल, ज्याच्यासाठी त्याला पहिलं बक्षीस मिळालं असेल. कुणाची प्रायोगिक नाटकाच्या पन्नास माणसांच्या प्रयोगात आहे जी शूटच झाली नाही. या मुलांपैकी बहुतेक जण स्पर्धेत गंभीर भूमिका करून आलेत आणि मग त्यांना पहिलं काम स्किटमध्ये मिळालं, ते जमलं, मग दुसरं तेच, आणि दर आठवड्याला नवीन स्किट उभं करायचं असेल तर लेखक पण काय करणार, जे मागच्या आठवड्यात हसलं तेच थोडं फिरवून देणार. त्यात कुणाची चूक आहे असं मी म्हणत नाही. पण तिथे बसलेला शिक्का तुम्ही कायमचा धरू नका.

मुलींचं तर याहून वाईट आहे, त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल. चष्मा, दोन वेण्या, दातांना तारा, आणि शेवटच्या एपिसोडला चष्मा काढला की ती सुंदर. जिने वर्षभर ती मुलगी उभी केली तिला पुढचा फोन पुन्हा तारा लावायलाच येतो.

आणि कृपा करून त्याला जिमला पाठवू नका. हे मी खूप वेळा बघितलंय, नटाने इमेज तोडायची ठरवली की त्याला सांगतात बॉडी बनव, दाढी वाढव, नवीन पोर्टफोलिओ काढ, काळ्या शर्टात, बाजूने लाईट. बिचारा चाळीस-पन्नास हजार घालवून ते करतो आणि फोटोत दुसऱ्याच कुणासारखा दिसतो. त्याच्याकडे जे आहे, ती मान, तो उशीर, तो आवाज, तेच तर आम्ही त्या दिवशी त्या खोलीत बघितलं. त्याला त्याचं हत्यार टाकून यायला सांगू नका. आणि काम दिलंत तर पाहुण्यासारखं एका दिवसाचं देऊ नका, वाचनाला बोलवा, चार दिवस द्या, कारण आठ वर्षांची सवय आहे, पहिल्या दिवशी तो स्वतःच हसू शोधत राहणार, सेटवर कुणी हसलं नाही तर त्याला वाटणार आपलं चुकलं. त्याला कुणीतरी सांगावं लागतं की शांतता आली म्हणजे बरोबर चाललंय. आणि ट्रेलर कापताना त्याचा एकमेव मजेशीर शॉट पुढे टाकू नका, मग लोक हसायला येतात आणि फसवल्यासारखं वाटून जातात, आणि बोल त्याला लागतो.

मी फार मोठं काही मागत नाहीये. तो नेहमीच्या रोलसाठी येईल, त्याचं नेहमीचं करेल, तुम्ही हसाल. कॅमेरा बंद करायच्या आधी त्याला अजून एक कागद द्या. ज्यात तो बाप आहे, किंवा वकील, किंवा कुणाचं तरी वाईट करणारा माणूस, किंवा ज्याच्यावर कुणीतरी खरंच प्रेम करतं असा माणूस, हे शेवटचं तर कुणी देतच नाही. सात-आठ मिनिटं जातील. क्यू द्यायला मी थांबते, माझे जास्तीचे पैसे लावू नका.

आणि त्या दिवशीची टेप. मी त्याला विचारलं, की मी ही पुढे पाठवली तर चालेल का, तो आधी नको म्हणाला, ताई राहू दे, लोक म्हणतील याला कशाला पाहिजे. मग चार दिवसांनी रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, पाठव. ज्यांच्या ऑफिसात ती शूट झाली त्यांनी पण हरकत नाही म्हटलंय, आणि त्यासाठी मी त्यांची आभारी आहे. तीन मिनिटं चाळीस सेकंदांची आहे. सुरुवातीला तो नाव सांगतो, उंची सांगतो, दोन्ही बाजूंचा प्रोफाइल देतो. वसुली एजंटचा रोल अजून लॉक झालेला नाही, मी कालच चौकशी केली. नाव न बघता, आवाज मोठा करून बघा, आणि मी जिथे गप्प होते तिथे माझ्याकडे नाही, त्याच्या हातांकडे बघा. कुणाकुणाला पाठवू ते कळवा, आजच पाठवते.

तुमची,
क्यू देणारी